चामोर्शीच्या रानात : वनसमितीची वाढ मोजावी कशी?

गडचिरोलीहून दक्षिणेला आष्टीचा रस्ता धरला, की तासाभराच्या आत चामोर्शी येते. वाटेत दोन्ही हातांना धानाच्या बांध्या, मधूनमधून एखादी बोडी आणि जुना मामा तलाव. पश्चिमेला वैनगंगा वाहते. जवळच मार्कंडा येथे ती वळण घेऊन उत्तरेकडे जाते, म्हणून तेथे तिला उत्तरवाहिनी म्हणतात. काठावर कोरीव दगडी देवळांचा समूह आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते. पूर्वेला घोटच्या बाजूने निघाले, की धानाचा पट्टा मागे पडतो आणि रान सुरू होते. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू. खाली आष्टीच्या पुढे चपराळ्याचे अभयारण्य आहे. १९८६ साली ते जाहीर झाले. त्याच अंगाला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि पुढे त्या नदीला प्राणहिता हे नाव मिळते.

एकीकडे धान आणि दुसरीकडे रान अशी या मुलखाची रचना आहे. माणसाचे वर्षही तसेच वाटलेले. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. शेताने दगा दिला तर रान हात देते. म्हणून रान राखणे हा येथे शहरी मंडळींसारखा हौसेचा विषय नाही. चुलीचा, गोठ्याचा आणि पोटाचा तो प्रश्न आहे.

या भागात हिंडताना गावोगाव फलक दिसतात. संयुक्त वन व्यवस्थापन समिती, जैवविविधता व्यवस्थापन समिती, सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती, महिला बचत गट. गाव लहान आणि समित्या चार. फलक वाचून मनात एक प्रश्न येतो. झाडे किती लावली आणि किती जगली ते मोजता येते. बांबूचे दांडे मोजता येतात. वाघ-बिबट्यांची गणना होते. पण ज्या माणसांनी हे रान राखायचे, त्यांची संघटना वाढली की खुरटली, हे मोजायचे कोणत्या पायलीने?

हा प्रश्न सरकारलाही पडलेला आहे. महाराष्ट्रात संयुक्त वन व्यवस्थापनाचा शासन निर्णय १९९२ साली निघाला आणि गावोगाव समित्या उभ्या राहू लागल्या. पुढे २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजना आली. वनाचे रक्षण चांगले करणाऱ्या समित्यांची तपासणी करायची, त्यांना गुण द्यायचे आणि जिल्ह्यात व राज्यात बक्षिसे द्यायची, अशी ती योजना. अनेक गावांना त्यामुळे हुरूप आला. ज्या संस्था वनरक्षणासाठी पैसे देतात, त्यांनीही आपापले तक्ते केले आहेत. कारभार कसा चालतो, हिशेब कसा आहे, पुढारी किती जण आहेत, स्वतःचे उत्पन्न किती, बाहेरच्यांशी संबंध कसे, अशी त्यांत सदरे असतात. कार्यक्रम सुरू होताना एकदा गुण द्यायचे आणि पुढे दरवर्षी तोच तक्ता भरायचा. गुण वाढले, की संघटना वाढली असे धरायचे.

कल्पना चांगली आहे, यात शंका नाही. पण आपण शेतकरी माणसे. बाजारात बैलजोडी घेताना शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. तक्ता भरताना अनुदान किंवा बक्षीस डोळ्यांपुढे असेल, तर शिंगे रंगवण्याचा मोह कोणालाही होईल. बैठकीचे इतिवृत्त सुबक अक्षरात लिहिलेले असते, सह्याही असतात. पण त्या बैठकीत काय ठरले हे चार घरी विचारले, तर कोणालाच सांगता येत नाही. मग ती बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

यातले मर्म गावच्या बायकांना केव्हाच कळले आहे. बचत गटाची पंचसूत्री आज घरोघरी पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. बँकेचा माणूस गटाची प्रतवारी करायला येतो, तेव्हा हेच पाहतो. या पाचही गोष्टी रोजच्या वागण्यातल्या आहेत. गटाचे नाव काय, फलक केवढा, उद्घाटनाला कोण आले होते, याला त्यात जागा नाही. वनसमितीचे मापही असेच वागण्यात शोधले पाहिजे.

चामोर्शी तालुक्यातलेच एक उदाहरण घेऊ. या तालुक्यात कुनघाडा वनपरिक्षेत्र आहे. देशभर गिधाडे नाहीशी होत चालली असताना या बाजूला ती दिसत राहिली. डायक्लोफेनॅक हे जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे औषध त्यांच्या मुळावर आले होते. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. वनखात्याने या भागात मेलेली जनावरे टाकण्यासाठी राखीव जागा केल्या. लोक त्यांना गिधाडांचे उपाहारगृह म्हणतात.

आता हा कार्यक्रम मोजायचा कसा? गिधाडे किती उतरली, ही एक मोजणी झाली आणि ती हवीच. पण तिच्या आधीची मोजणी गावात आहे. बैल मेला तेव्हा त्या घराने निरोप धाडला का? त्याला कोणते औषध टोचले होते, हे कोणी विचारले का? वनरक्षकाची बदली झाली तरी निरोप जात राहिला का? ही सवय गावात मुरली असेल, तर गिधाडांना आधार आहे. सवय एका साहेबाच्या उत्साहावर टिकून असेल, तर साहेब गेला की खाणावळ बंद.

संघटनेची वाढ डोळ्यांनी पाहायची असेल, तर चामोर्शीहून पुन्हा गडचिरोलीला यावे आणि धानोऱ्याच्या रस्त्याला लागावे. चातगाव मागे पडले, की पुढे लेखा आणि मेंढा ही गावे येतात. कठाणी नदीच्या जवळचे मेंढा हे गोंड वस्तीचे लहानसे गाव. पाच-पन्नास वर्षांपूर्वी ते आसपासच्या गावांसारखेच एक होते. आज ते 'मेंढा (लेखा)' या नावाने देशभर ओळखले जाते.

हे एका दिवसात झालेले नाही, आणि येथेच आपल्याला शिकायचे आहे. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम या मोठ्या धरणांच्या योजना आल्या. त्यांत हजारो हेक्टर रान आणि अनेक गावे बुडणार होती. 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले, त्यात बाबा आमटेही होते. त्या आंदोलनाने या भागातली माणसे जागी झाली. मोहन हिराबाई हिरालाल यांची 'वृक्षमित्र' संस्था याच काळात कामाला लागली, आणि मेंढ्याचे देवाजी तोफा व गावकरी यांच्याशी तिचे नाते जुळले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तेथून निघाली.

घोषणा सोपी, पण तिच्यामागची शिस्त अवघड होती. गावाने ठरवले, की निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या संमतीने घ्यायचा. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचे, पुन्हा बोलायचे. बायकांनीही सभेत बसायचे. दुसरी गोष्ट अभ्यास गटाची. एखादा विषय समजून घ्यायचा असेल तर अभ्यास गट बसतो. त्यात बाहेरची जाणती माणसे येऊ शकतात. रानाचे कायदे, मध काढण्याची रीत, हिशेब, सगळे तेथे अभ्यासले गेले. निर्णय मात्र ग्रामसभा घेते आणि ती फक्त गावकऱ्यांची. बाहेरच्याने ज्ञान द्यावे, हुकूम देऊ नये, अशी ही वाटणी आहे.

दारूचा प्रश्न गावाने असाच सोडवला. पुढे १९९३ साली लोकांच्या चळवळीमुळे सगळ्या गडचिरोली जिल्ह्यातच दारूबंदी झाली. रानाचा हक्क मिळायला मात्र आणखी वाट पाहावी लागली. वर्षानुवर्षे या भागातला बांबू ठेक्याने कागद कारखान्यांना जात असे, आणि टोपल्या-तट्टे विणणाऱ्याला आपल्याच रानातला बांबू चोरून आणावा लागे. २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली मेंढ्याला १,८०९ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क आधी मिळालेल्या गावांत मेंढा आणि शेजारचे मर्दा ही नावे येतात. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले, आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांत हा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला आहे, हे स्पष्ट झाले. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला.

आता पाहा. पहिल्या बैठकांपासून परवान्याच्या पुस्तकापर्यंत पाव शतक गेले. या काळात कोणी दर तीन वर्षांनी तक्ता घेऊन आले असते, तर पहिल्या कितीतरी तक्त्यांत उत्पन्नाच्या सदरात शून्यच दिसले असते. इमारत नाही, पगारी माणूस नाही, पैसा नाही. पण बोलण्याची, ऐकण्याची आणि थांबण्याची सवय वाढत होती. झाडाची मुळे आधी जमिनीत उतरतात आणि शेंडा नंतर वर येतो, तसेच हे आहे. बांबूचे पैसे लाखांनी येऊ लागले, तेव्हा ते पेलण्याची ताकद गावात आधीच तयार होती.

सगळीकडे असे घडत नाही. गडचिरोली जिल्ह्यात आज शेकडो गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत, राज्यात सर्वांत जास्त याच जिल्ह्यात. २०१४ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना तेंदू आणि बांबूचा कारभार स्वतः करता येतो. म्हणजे आधी संघटना आणि मग पैसा हा मेंढ्याचा क्रम पुष्कळ गावांत उलटा झाला आहे. हक्काचा कागद आणि तेंदूची रक्कम आधी आली, सभेची सवय मागाहून लागायची आहे. ठेकेदाराशी करार कोणी वाचला? रक्कम थकली तर कोण भांडणार? खात्यातून पैसे काढले ते कोणाला विचारून? या प्रश्नांची उत्तरे तयार नसतील, तर ज्या पैशाने गाव उभे राहायचे, त्याच पैशाने गावात दोन तट पडतात. मग भांडणाच्या धुराळ्यात रान तुटते, आणि दोष 'लोकांना कारभार जमत नाही' असा सगळ्यांच्याच माथी येतो. माप चुकले की एवढे नुकसान होते.

एकट्या गावाला जे जमत नाही ते चार गावांना जमते, हेही वाढीचेच लक्षण. उत्तरेकडच्या कोरची तालुक्यात सुमारे नव्वद ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. नेपाळात १९९३ च्या कायद्याने गावोगाव वनगट झाले आणि १९९५ साली त्यांनी आपला महासंघ केला. आज तेथे असे वीस हजारांवर गट आहेत. पण लक्षात ठेवावे, की पोकळ गटांची मोळी बांधली तर मोळीही पोकळच राहते.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावात अशी समिती असेल, तर धानाची मळणी आटोपल्यावर एक दिवस ठरवा आणि गुण बाहेरच्याने देण्याआधी आपले आपण तपासून पाहा. गेल्या वर्षभरात किती सभा झाल्या आणि त्यांत बायका किती बोलल्या? नुसत्या बसल्या ते मोजू नका. हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचला गेला का, आणि कोणी प्रश्न विचारला तर त्याला राग न धरता उत्तर मिळाले का? घालून दिलेला नियम पुढाऱ्याच्या घराने मोडला, तेव्हा दंड झाला का? अध्यक्ष महिनाभर बाहेरगावी गेला, तर काम चालले का? वणवा लागला तेव्हा न बोलावता किती घरांतली माणसे धावली? बाहेरून आलेली चांगल्या रकमेची योजना रानाला वाईट म्हणून गावाने कधी नाकारली का? आणि तरुण पोरांपैकी नकाशा, करार आणि खातेवही वाचणारे गेल्या सालापेक्षा किती वाढले?

उत्तरे एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा तेच प्रश्न विचारा. शेजारच्या गावाशी तुलना करू नका. गतसालच्या आपल्याच गावाशी करा. एखाद्या साली उत्तरे वाईट आली, तर तीही तशीच लिहा. लपवलेली कीड पीक खाते, दिसलेल्या किडीवर उपाय करता येतो.

चामोर्शीच्या रानात पुढच्या पिढीला मोह आणि तेंदू मिळेल की नाही, हे वनखात्याच्या नकाशावर ठरेल तेवढेच गावच्या सभेतही ठरेल. फलक रंगवायला एक दिवस पुरतो. सभा वाढवायला वर्षे लागतात, म्हणून तिच्याकडे दरवर्षी लक्ष द्यायचे, पिकाकडे देतो तसे.