पाव आपला, कोंडा कुणाचा?

मंडळी, दूध दोन रुपयांनी वाढलं की आपण दूधवाल्याशी हुज्जत घालतो, पिशवीवरचा नवा आकडा बघून सरकारला शिव्या घालतो. पण हा भाव ज्या गोष्टींवर हलतो त्यातल्या एकीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ती म्हणजे कोंडा. हो, आपल्या चाळणीत उरतो तोच.

आमच्या लालबाग-परळला 'गिरणी' म्हटलं की आधी कापडाची आठवते. ती गेली, तिचा भोंगाही गेला. पिठाची गिरणी मात्र अजून तग धरून आहे. डबा ठेवायचा, 'चपातीचं, बारीक' म्हणून सांगायचं, संध्याकाळी गरम पीठ घेऊन यायचं. या गिरणीत १० किलो गहू टाकले की पीठ जवळपास तेवढंच मिळतं, कारण कोंडा त्यातच दळला जातो. घरी चाळलं तर निघतो मूठभर. म्हणजे आपल्या चपातीतून म्हशीच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही.

म्हशीला कोंडा मिळतो तो आपल्या पावातून. पावाला मैदा लागतो आणि मैदा निघतो मोठ्या रोलर मिलमध्ये. तिथे १०० किलो गव्हातून साधारण ७५ किलो मैदा-रवा निघतो, उरलेला २०-२५ किलो कोंडा. पशुखाद्याच्या दुकानात त्याला भुसा म्हणतात, उत्तरेकडचे तबेलेवाले चोकर म्हणतात. दादर स्टेशनबाहेर तुम्ही वडापाव खाता तेव्हा त्या पावाचा कोंडा कुठेतरी म्हशीच्या घमेल्यात पडलेला असतो. तिचं दूध तुमच्या कटिंगमध्ये येतं. सगळं एकाच गव्हाचं.

इथेच खरी मेख आहे. कोंडा कुणी पिकवत नाही. दूध जास्त हवं म्हणून कोंडा जास्त काढता येत नाही. मैदा जेवढा निघेल तेवढाच कोंडा. देशात १९६५ च्या सुमाराला सव्वा कोटी टनांच्या आसपास गहू होत होता, आज ११ कोटी टनांच्या वर होतो. पण त्यातला फार मोठा भाग चक्कीवर दळून कोंड्यासकट आपणच खातो. रेशनचा गहूही तसाच. त्यामुळे गहू नऊपट झाला म्हणून कोंडाही नऊपट झाला, असं गणित मांडता येत नाही.

त्यात आता माणसंच कोंड्याला वाटेकरी झाली आहेत. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही गरिबाची म्हण होती. आता त्याच कोंड्यावर 'ब्रॅन' लिहून मॉलमध्ये पाकिटं लावतात आणि डायबेटिसवाले शोधून घेतात. खा, तब्येतीला चांगलाच आहे.

जनावरं आणि शहर यांचं नातंही बदललं. एकेकाळी मुंबई शहरातच म्हशींचे गोठे होते. त्या बाहेर हलवण्यासाठी आरे कॉलनी उभी राहिली, १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. गिरगावच्या शेजारी भुलेश्वरला १८३४ पासूनचं पांजरापोळ अजून आहे. बाकी आपल्याला जनावर दिसतं ते देवळाबाहेर, चाऱ्याची पेंडी विकायला बसलेल्या बाईच्या शेजारी बांधलेली गाय एवढंच. जनावर नजरेआड गेलं आणि त्याच्या पोटाची काळजीही आपल्या डोक्यातून गेली.

जरा बाहेर बघू. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली पोरं आखातात आहेत. सौदीने वाळवंटात जमिनीखालचं पाणी उपसून गहू पिकवला, १९९० च्या सुमाराला निर्यातही केली. पाणी संपत चाललं तेव्हा २००८ मध्ये हात आखडता घ्यायचं ठरवलं आणि २०१६ पर्यंत स्थानिक गव्हाची सरकारी खरेदी बंद केली. शेती आटली, पण कोंडा आटला नाही. कारण ते पीठ आणत नाहीत, अख्खा गहू जहाजाने आणतात आणि आपल्या गिरण्यांत दळतात. कोंडा देशात राहतो, मेंढ्या-उंटांपुढे जातो. गहू पिकतो कुठे यापेक्षा दळला कुठे जातो, हे कोंड्यासाठी महत्त्वाचं.

आता आपल्याकडे बघा. मार्च २०२२ मध्ये उन्हाने गहू होरपळला. १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद, ऑगस्टमध्ये आटा-मैदा-रव्यावरही बंधनं. भाव आटोक्यात ठेवायला हे केलं, ठीक. पण मैदा बाहेर गेला तरी कोंडा इथेच उरतो, हा हिशोब त्या चर्चेत मला कुठे दिसला नाही. मुंबईच्या तबेल्यांचं म्हशीचं दूध घाऊक भावात सप्टेंबर २०२२ मध्ये ८० झालं, मार्च २०२३ मध्ये ८५. तबेलेवाल्यांनी कारण दिलं ते महागलेल्या चारा-चुनीचं. मग २८ जुलै २०२३ रोजी सरकारने तेल काढलेल्या भाताच्या कोंड्याची निर्यात थांबवली. ती बंदी दोन वर्षांहून जास्त चालली. म्हणजे कोंडा आणि दुधाचा संबंध दिल्लीला कळतो, पण आग लागल्यावर.

हे सगळं सोसतो कोण? माझा चुलत भाऊ गावाकडे चार म्हशी सांभाळतो. भुशाचं पोतं महागलं की तो दुधाचा दर वाढवू शकत नाही, दर डेअरी ठरवते. तो घमेलं कमी भरतो. थोड्या दिवसांत दूध उतरतं, फॅट उतरते, बिल कमी येतं. आणखी स्वस्त पोतं आणलं तर त्यात भाताचा तूस मिसळलेला. "दादा, म्हशीला खोटं सांगता येत नाही रे," असं तो फोनवर म्हणाला. यावर मी काय बोलणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कांद्याचा, डाळीचा भाव रोज जाहीर होतो तसा भुसा-चुनी-पेंडीचा भावही जिल्ह्याजिल्ह्यात रोज जाहीर व्हावा. सरकारी गोदामातला गहू रोलर मिलना लिलावात कधी आणि किती द्यायचा, हे ठरवताना आट्याच्या भावाबरोबर गोठ्याचाही विचार व्हावा. पोत्यातली भेसळ दुधातल्या भेसळीइतक्याच कडकपणे तपासली जावी. आपले आमदार-खासदार मतं मागायला चाळीत येतात तेव्हा पाणी, पार्किंग, पुनर्विकास हे विषय काढाच. त्यासोबत एकदा विचारा, "साहेब, कोंड्याचा भाव काय चाललाय?"

उत्तर आलं तर मला नक्की कळवा. छापायची जबाबदारी माझी.