'मैला' खोडताना

२०१८ च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या एका लहान नगरपरिषदेचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल भाषाशुद्धीसाठी माझ्याकडे आला. महाविद्यालयातील मराठी विभागाकडे अशी कामे येतच असतात. मानपत्रे, निमंत्रणपत्रिका, कोनशिलेवरचा मजकूर. मानधन नसते, चहा असतो. मसुदा कुणा अभियंत्याने लिहिला असावा. त्यात एक सरळ वाक्य होते : गावातील मैलापाणी दोन नाल्यांवाटे नदीत सोडले जाते. सोबत आलेले अधिकारी अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सर, तेवढं 'मैला' जरा बघा. 'सांडपाणी' केलं तर?" मी केले. शासकीय मराठीत तो शब्द रूढ आहे, त्यामुळे मनाला काही टोचले नाही. 'सोडले जाते' याऐवजी 'विसर्ग होतो' ही मात्र माझी स्वतःची भर. ती कुणी मागितली नव्हती.

'सांडणे' या क्रियापदात हेतू नसतो. आजोळी मोरीचे पाणी परसातल्या अळूला आणि केळीला जात असे, तेही सांडपाणीच. त्या शब्दाला घराचा वास आहे. 'मैला' या शब्दात मात्र तो डोक्यावरून वाहून नेणारा माणूस उभा असतो, त्याला टाळता येत नाही. पूर्वी सर्रास ऐकू येणारे 'मैलाशुद्धीकरण केंद्र' आता पुष्कळ ठिकाणी 'सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प' झाले आहे. या बदलात मैला गेला तसे शुद्धीकरणही गेले, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. शुद्धीकरण काहीतरी कबूल करते. प्रक्रिया काहीच कबूल करत नाही.

अहवालात एक तक्ताही होता. त्यातल्या 'बीओडी'साठी 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी' हा प्रतिशब्द बरा की वाईट, यावर मी अर्धा तास घालवला. पाण्यातला सेंद्रिय मळ खाऊन संपवताना सूक्ष्मजीवांना दर लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, त्याचे हे माप. जितकी मागणी अधिक, तितका माशांच्या वाट्याला कमी. 'मागणी' हा शब्द मला फार आवडला. समोर छापलेल्या ३० या आकड्याकडे आणि त्यापुढच्या 'निकषानुसार' या शेऱ्याकडे मी पाहिलेही नाही.

तो निकष कसा बदलत गेला, हे मी नंतर वाचले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा ३० होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने नव्या निकषांचा मसुदा काढला आणि त्यात ती १० वर आणली. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत महानगरांना २०, इतर गावांना पुन्हा ३०. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हे सैल निकष अमान्य करून १० चाच आग्रह धरला. म्हणजे मी ज्या उन्हाळ्यात तो शेरा तपासला, त्या उन्हाळ्यात ते पाणी कागदोपत्री निर्दोष होते. मसुदा टिकला असता तर तेच पाणी तिप्पट दोषी ठरले असते. पाण्याला यातले काही कळत नव्हते. आणि आंघोळीयोग्य नदीसाठी २००० सालापासून लागू असलेली मर्यादा आहे ३! सोडलेले पाणी नदीच्या प्रवाहात मिसळून पातळ होईल, असे हा हिशेब गृहीत धरतो. पावसाळा सरल्यावर आपल्या नद्यांत मिसळण्याजोगे दुसरे पाणी किती उरते? २०२४ मध्ये केंद्राने जलप्रदूषण कायदाही सुधारला. अनेक कलमांतली कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला. ही दुरुस्ती मी एखादी कविता वाचावी तशी शब्द न् शब्द वाचली. खोड लागली म्हणायची.

हे सारे वाचून झालेले असतानाच, एका कार्तिकीला आईला घेऊन आळंदीला गेलो होतो. ज्या इंद्रायणीत गाथा बुडवल्याची कथा मी दरवर्षी वर्गात सांगतो, तीच देहूहून खाली येथे येते. पुढे तुळापूरला भीमेला मिळते आणि उजनी ओलांडून पंढरपूरला पोहोचते. बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचला होता. साबणाच्या, कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याचा तो फेस लांबून दुधासारखा दिसतो. आईने वाकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि ओठांशी नेताना थांबून माझ्याकडे पाहिले. "चांगलं आहे ना रे हे पाणी?"

आजूबाजूला हजारो माणसे तेच करत होती. तिची वारी चौतीस वर्षांची. मला ३ आणि ३० दोन्ही पाठ होते.

"प्रक्रिया केलेलं असतं, आई," मी म्हणालो.

"मग असू दे," म्हणून तिने तो घोट घेतला. देवघरासाठी एक बाटलीही भरून घेतली.

तिला काही झाले नाही. सणावाराला त्यातले चमचाभर ती तीर्थात घालते. परवा देवघर आवरताना बाटली उजेडात धरली, तर तळाशी बोटभर काळा गाळ बसलेला. ती ओतून द्यायची आहे. आईला काय सांगून ओतायची, ते वाक्य मात्र मला अजून जमलेले नाही.