रिकाम्या पिस्तुलाचा चाप

रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढावा की ओढू नये, हा प्रश्न कला शाखेच्या एखाद्या विद्यार्थिनीला पडावा याचे पुष्कळांना नवल वाटेल. मराठीच्या तासाला त्याचा उपयोग नाही आणि परीक्षेत तो कुणी विचारणार नाही. पण गेले वर्षभर तो माझ्या पाठीस लागला आहे. कारण अगदी साधे आहे : काडतुसांना पैसे पडतात.

माझे वडील शिंपी आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नेमबाजी शिकते ती केंद्राच्या पिस्तुलावर. स्वतःचे असे काही नाही. पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात साठ गोळ्या झाडायच्या असतात. पहिल्या तीस सावकाश नेम धरून. उरलेल्या तीस मात्र अशा, की लक्ष्य तीन सेकंदच समोर येते. तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणून एक गोळी मारायची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा मी शाळेत होते. आता कळते, की ते तीन सेकंद हजारो वेळा घोटावे लागतात. हजारो काडतुसे आणायची कोठून? म्हणून नेमबाज रिकाम्या पिस्तुलाने सराव करतात. त्याला ‘ड्राय फायर’ म्हणतात. आवाज नाही, धक्का नाही. त्यामुळे चाप दाबताना नळी किती हलली ते आपले आपल्याला स्वच्छ दिसते. गरिबाला परवडणारा सराव तो हाच.

आणि नेमका तोच मला मना होता. “बावीस बोअरचे पिस्तूल रिकामे चालवू नकोस, बिघडते,” एवढेच सांगण्यात आले. का, ते कुणी सांगेना. शेजारी स्वतःचे पिस्तूल असलेली मुले मात्र खुशाल रिकामा चाप ओढत होती.

असल्या नियमांची मला सवय आहे. घरी रिकामी कात्री वाजवली की आई म्हणते, भांडणे होतात. वडील मशीनवरून मान वर न करता म्हणतात, भांडणे होवोत न होवोत, धार जाते. नियम आईचा, कारण वडिलांचे. पिस्तुलाच्या बाबतीत मला नियम मिळाला होता, कारण मिळाले नव्हते. ते शेवटी हत्यारे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी पिस्तूल खोलून दाखवले.

मोठ्या पिस्तुलाच्या काडतुसात पेट घेणारे रसायन तळाच्या मधोमध बसवलेले असते. बावीसच्या काडतुसात ते तळाच्या कडेत, आतल्या पोकळीत असते. म्हणून फायरिंग पिन मध्यावर न बसता कडेवर बसते, आणि पिन व नळीचा काठ यांच्यामध्ये पितळेची ती कड चिमटली जाते. काडतूसच नसेल तर मधली पितळी गादी गेली. पोलादाची पिन थेट पोलादी काठावर आदळू शकते. एकदोनदा झाल्याने बहुधा काही बिघडत नाही. रोज शंभरदा झाले, तर काठाला खाच पडते, काडतूस आतबाहेर होताना अडकते, पिनची टोके बोथट होतात किंवा मोडतात.

पण सगळीच पिस्तुले अशी नसतात. काहींत पिन काठाला पोहोचण्याआधीच तिला थांबवणारा अडसर असतो. रुगर कंपनीची मार्क मालिकेतली पिस्तुले तो अडसर जागेवर असेल तर रिकामी चालवता येतात. स्पर्धेच्या पुष्कळ पिस्तुलांत खास सरावाची सोय असते. म्हणजे शेजारची मुले नियम मोडत नव्हती. त्यांची पिस्तुले वेगळी होती. आमचे जुने. त्यावर उपाय म्हणजे प्लॅस्टिकचे नकली काडतूस. ते पिनचा घाव झेलते आणि झिजले की बदलायचे. झाडलेली पुंगळीही काहीजण घालतात. पण तिच्यावर तोच तोच घाव पडत गेला तर गादी उरत नाही, आणि घाईत खरे काडतूस कोणते हेही चुकू शकते.

इथे ‘सुरक्षित’ या शब्दाचा दुसरा अर्थ येतो, आणि तो पहिल्याहून मोठा आहे. पिन मोडली तर नवी बसते. पिस्तूल रिकामे आहे असे वाटणे आणि ते रिकामे असणे या दोन गोष्टी आहेत. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग सरक मागे ओढायची, आत डोळ्यांनी पाहायचे, बोटाने चाचपायचे. खरी काडतुसे त्या खोलीतही नकोत. नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेने. यात जुने-नवे, गरीब-श्रीमंत असा भेद नाही.

आता केंद्राने मला परवानगी दिली आहे. नकली काडतूस घालून रोज साठ वेळा चाप ओढते. दर वेळी पाहते, चाचपते, मगच हात वर नेते. मिस्त्रीकाकांनी महिन्याने पिस्तूल पुन्हा खोलून पाहिले. काठ गुळगुळीत होता. नव्याने आलेल्या दोन मुलींना आता मी नियम सांगते, तेव्हा त्यासोबत कारणही सांगते.