निंबोळीचा पैसा जूनमध्येच

2017 च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामात घरधनी फवारून आले की मी रात्री उठून त्यांचा श्वास बघायची. बचत गटात बसलो की तोच विषय. फवारणीला विषाऐवजी निंबोळीचा अर्क वापरता यावा म्हणून पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बायकांनी निंबोळ्या वेचायचं ठरवलं.

निंबोळी पिकते पावसाच्या तोंडावर. पहिलीच वेचणी अंगणात वाळत होती आणि पाऊस आला. बियांना बुरशी लागली, सगळा माल फेकावा लागला. फार जिवावर आलं. त्यानंतर फळं पाण्यात चोळून गर काढायला लागलो. बिया धुवून छपराखाली, वाऱ्याला पातळ पसरतो. मुठीत खुळखुळल्या की गोणपाटाच्या पोत्यात भरतो. प्लॅस्टिकच्या पोत्यात भरत नाही, आत ओल धरते.

मग दळणाची अडचण आली. पिठाचा गिरणीवाला तयार होईना. पुढचं पीठ कडू होतं, त्याचंही बरोबर होतं. काही दिवस उखळात कुटलं, हात भरून आले. शेवटी गटाने कर्ज काढून भरड करायचं जुनं यंत्र घेतलं.

अर्क बाटलीत भरून विकावा, असं सगळ्यांना वाटत होतं. कृषी सहायकांनी वेळीच थांबवलं. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे नोंदणी आणि परवाना असल्याशिवाय कीटकनाशक म्हणून काही विकता येत नाही. शेतकरी स्वतःच्या शेतापुरता अर्क करू शकतो. म्हणून आम्ही वाळलेली निंबोळी विकतो आणि मागेल त्याला भरडून देतो. भरड आधीच करून ठेवत नाही, तिचा जोर कमी होतो.

"कडुनिंब तर फुकट आहे, पैसे कशाचे?" असं सुरुवातीला सगळेच म्हणायचे. पण ऑगस्टमध्ये पऱ्हाटीवर तुडतुडे आले की झाडाखाली एक निंबोळी सापडत नाही. तेव्हा लोक आमच्याकडे येतात.

प्रमाण आम्ही तोंडी सांगतो. 5 किलो भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची. 200 ग्रॅम साबण 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण पाणी 100 लिटर करायचं. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचं; उन्हाने अर्काचा गुण जातो. किडी लगेच पटापट मरत नाहीत. त्यांचं खाणं सुटतं, वाढ खुंटते. मावा, तुडतुडे कमी असतानाच मारलं तर गुण येतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला याचा उपयोग नाही, हेही आम्ही आधीच सांगतो. तोंडाला फडकं आणि हातमोजे याही फवारणीला हवेतच.

सगळ्यात उपयोगी पडली ती पैशाची रीत. वेचणाऱ्या बाईला गट आपल्या बचतीतून वजनावर लगेच पैसे देतो. विक्री नंतर होते. ज्यांना शेत नाही त्यांनाही बांधावरची, रस्त्याकडेची निंबोळी वेचता येते. पेरणीच्या दिवसांत हातात रोख येते, सावकाराकडे जावं लागत नाही. तुमच्या गावात हे करायचं असेल तर यंत्राचं नंतर बघा. आधी मे महिन्यात छपराची जागा आणि वेचणीचे पैसे तयार ठेवा.