मोकळ्या पाठीचा हेडफोन

माणसाला कशाचे वेड लागेल याचा नेम नाही. कोणी टपाल तिकिटे जमवितो, कोणी कबुतरे पाळतो. गेल्या दिवाळीत मला हेडफोनचे वेड लागले. तेही साध्यासुध्या नव्हे, तर ज्याच्या पाठीला झाकणच नाही अशा हेडफोनचे. इचलकरंजीत ही गोष्ट कोणाला सांगितली की तो आधी हसतो. आमच्या गल्लीत रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट चालते, आणि हा हेडफोन बाहेरचा प्रत्येक आवाज पाहुण्यासारखा आत घेतो. ओढ्याला पाणी नसताना होडी घ्यावी, तसाच हा प्रकार!

झाले असे की, सुट्टीत मी एका मित्राबरोबर पुण्याला त्याच्या मामांकडे गेलो होतो. मामा निवृत्त, घरात एकटे आणि घर गल्लीच्या अगदी टोकाला. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी एक करडा हेडफोन माझ्या डोक्यावर चढविला आणि पंडित भीमसेन जोशींचा एक अभंग लावला. तो अभंग मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेला. पण त्या रात्री प्रथमच तानपुऱ्याच्या तारा एकीपासून एक वेगळ्या ऐकू आल्या. सम गाठण्यापूर्वी घेतलेला श्वास ऐकू आला. आणि टाळ! टाळेचा ठोका पडल्यावर त्याच्या मागे जो झंकार रेंगाळतो, तो विरत विरत पार दिसेनासा होईपर्यंत ऐकू आला. मी 'दिसेनासा' म्हटले ते चुकून नव्हे; गाणे कानांत न वाजता समोरच्या अंधारात मांडल्यासारखे वाटत होते.

"मामा, याला पाठीला जाळी का हो?" मी विचारले.

मामांना तेच हवे होते. हेडफोनमधला पडदा पुढे आवाज फेकतो तसा मागेही फेकतो. पाठ बंद असली की मागचा आवाज वाटीत आपटून परत फिरतो आणि पुढच्या आवाजात मिसळून त्याला घुमवतो. पाठ मोकळी ठेवली की तो निघून जातो. गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने 1968 मध्ये 'एचडी 414' या नावाने असा पहिला हेडफोन बाजारात आणला. मामांचा होता तो त्याच घराण्यातला, 1997 मध्ये निघालेला 'एचडी 600'.

"केवढ्याला पडला?"

"तीस हजारांच्या आसपास. आणि हे शेजारचं खोकं निराळं. याचा रोध तीनशे ओहम आहे. नुसत्या मोबाइलला लावलास तर आवाज दबलेला येतो, म्हणून हा अ‍ॅम्प्लिफायर."

मला घाम फुटला. माझ्या पिशवीतला हेडफोन आठशे रुपयांचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही परीक्षा घ्यायचे ठरविले. मामांकडे मोकळ्या पाठीचाच, पण सहा हजारांचा आणखी एक हेडफोन होता. माझ्या डोळ्यांना टॉवेल बांधला आणि मित्राने आलटून पालटून दोन्ही चढविले. पहिली गंमत अशी कळली की, ज्याचा आवाज किंचित मोठा तोच आपल्याला चांगला वाटतो. आवाज सारखे केल्यावर माझा रुबाब बराच उतरला. दुसरी गंमत म्हणजे ही परीक्षा निर्मळ होऊच शकत नाही. कारण डोळे बांधले तरी वजन आणि गादी यांवरून डोके ओळखतेच की आता श्रीमंत आला! तरीही फरक होता. नव्हता म्हणणे खोटेपणा होईल. पण आठशेवरून सहा हजारांवर येणे म्हणजे तळमजल्यावरून गच्चीवर येणे. तेथून तीस हजारांवर जाणे म्हणजे गच्चीवर टाचा उंचावून उभे राहणे. थोडे अधिक दिसते, पण गाव तेच.

इतके कळूनही मी गावी परतलो तो तीस हजारांचाच ध्यास घेऊन. याचे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. आमचे बाबा गेली तीस वर्षे यंत्रमागावर आहेत. दर एकादशीला ते भजनी मंडळात टाळ धरतात. अलीकडे ते टाळ फार जोरात वाजवू लागले होते. बुवा भजन थांबवून "जरा हळू" म्हणत. घरी आल्यावर बाबा म्हणत, "हल्लीचे टाळ बद्द वाजतात. पूर्वीचं कासं राहिलं नाही." मला वाटे, पुण्याला मी ऐकला तो झंकार एकदा बाबांच्या कानांवर घालावा. दोन वर्षे शिकवण्या करून साठविलेले चौतीस हजार माझ्याजवळ होते.

आईला बेत सांगितला. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "आधी त्यांचे कान दाखव. मग कानात काय घालायचं ते बघ."

दवाखान्यात आवाज न येणाऱ्या एका लहानशा खोलीत बाबांना बसविले. बाबांच्या कानांवर आयुष्यात पहिला हेडफोन चढला तो तेथे, आणि तो चढविला तपासणाऱ्या बाईंनी. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. काचेतून मी पाहत होतो. बाई कळ फिरवीत होत्या आणि बाबा बटणावर अंगठा ठेवून शाळकरी मुलासारखे वाट पाहत होते. मग आलेख हाती आला. रेघ सुरुवातीला बरी चालली होती. तीन-चार हजार हर्ट्झच्या सुमारास ती विहिरीत पाय घसरावा तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले. माग चालू असताना आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षे त्यात राहिले की आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी मरतात, वरच्या स्वरांच्या आधी, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. टाळेचा झंकार राहतो तो याच वरच्या मजल्यावर.

परतताना एस.टी.त बाबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे टाळ चांगलेच आहेत म्हणायचे."

मी नेहमीच्या सवयीने हेडफोन काढला होता. तो तसाच पिशवीत ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्यातून चाळीस तासांपर्यंत ऐकणे ठीक. आवाज वाढेल तसे तास झपाट्याने घटतात. एस.टी.च्या घरघरीवर मात करण्यासाठी मी रोज किती मोठा आवाज लावीत होतो, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

तेव्हा महागाचा हेडफोन घ्यावा की न घ्यावा? मित्र विचारतात म्हणून सांगतो. त्याच्या किमतीत तीन गोष्टी येत नाहीत, आणि त्या नसतील तर वरचे पैसे वाया. पहिली, शांत खोली. दुसरी, ज्यात ते बारकावे उतरले आहेत असे ध्वनिमुद्रण. 1925 च्या सुमारास विजेवरचे मुद्रण येण्यापूर्वी गायक कर्ण्यासमोर गात, आणि त्या तबकड्यांत वरचे स्वर मुळी उतरतच नसत. तिसरी, कान. या तिन्ही ज्याच्याजवळ आहेत आणि ज्याच्या पैशांना घरात दुसरे काम नाही, त्याने मामांसारखा खुशाल घ्यावा. त्याला आनंद मिळेल आणि तो खोटा नसेल. बाकीच्यांनी सहा हजारांवर थांबावे.

मी थांबलो. उरलेले पैसे बाबांच्या श्रवणयंत्रासाठी ठेवले आहेत. "मागाची खटखट आणखी मोठी ऐकायला यंत्र कशाला?" असे बाबा म्हणतात. यंत्र मागावर घालायचे नसते, तिथे कानांत बोळे घालायचे असतात, हे त्यांना पटवितो आहे. बोळे घालू लागले आहेत. यंत्राचे अजून "बघू" आहे.

आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असतात. गल्ली इतकी गप्प होते की शेजारच्या घरातली भांडी ऐकू येतात. त्या दिवशी दुपारी बाबा माझा हेडफोन लावून अभंग ऐकतात. मी शेजारी अभ्यासाला बसतो. मोकळ्या पाठीतून थोडा आवाज बाहेर झिरपतो. बुवांचा भरदार स्वर येत नाही, येतो तो वरचा पातळ भाग तेवढा. बाबा डोळे मिटून गाणे ऐकत असतात, आणि जाळीतून टाळ मला ऐकू येत असतात.

(तृतीय वर्ष, कला)