शाळूचा शेक

हुपरीत बाईची पाठ दुखते हे कुणी वेगळं सांगत नाही. सोप्यात पाटावर बसून चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडणारी बाई दुपारी एकदा हात मागे टेकते, कंबरेत मूठ दाबते आणि परत चिमटा उचलते. धडी उत्पादकाकडून माल घरी येतो, वजनावर मजुरी ठरते, आणि इथं जोडलेलं पैंजण पार परमुलखातल्या लग्नात वाजतं. कड्या इतक्या बारीक, की मान खाली गेली ती स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत वर येत नाही.

शेकाची रीत आपल्याकडे जुनीच. चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळायची, तव्यावर ओवा परतून पुरचुंडी बांधायची, एरंडाचं पान ऊन करून गुडघ्यावर ठेवायचं. पण शेक हक्काचा तो बाळंतिणीला. बाकीच्यांनी मागायचा म्हणजे कुणीतरी हातातलं काम टाकून तव्यापाशी उभं राहायला हवं. आता चूल गेली आणि मायक्रोवेव्ह आला. आमच्या घरी तो चहा ऊन करण्यापलीकडे फारसा चालत नाही. त्याला जरा बरं काम द्यावं म्हणून कड्या जोडणाऱ्या आत्तीसाठी धान्याची पिशवी शिवायला घेतली.

आतल्या पिशवीला मांजरपाट. पंचगंगा ओलांडली की इचलकरंजी. तिथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या भागात सुती कापडाला तोटा नाही. कापड निव्वळ सुती हवं, दोरासुद्धा सुतीच. पॉलिएस्टर तापून वितळायची भीती. वरच्या अभ्र्यासाठी आत्तीनं जुनं लुगडं काढून दिलं, चांगलं जरीकाठी. काठ कापताना तिचा जीव कळवळला, पण जर म्हणजे धातू, आणि धातू आत गेला की ठिणग्या. टिचबटण नको, चेन नको, हूक नको. चांदीच्या गावात धातूचा कणही नसलेली एक वस्तू करायची होती.

भरायला तांदूळ चालतो. पण आजरा घनसाळ पाठीला बांधायचा म्हणजे पाप, म्हणून शाळू घेतला. दाणा गोल, अंगाच्या वळणावर नीट बसतो. दाण्यात मुरलेलं पाणी असतं, तेच मायक्रोवेव्हमध्ये तापतं आणि दाण्याला तापवतं. दर वेळी त्यातलं थोडं उडून जातं, म्हणून शेजारी अर्धा कप पाणी ठेवायचं आणि पिशवी पुरती गार झाल्याशिवाय पुन्हा तापवायची नाही, नाहीतर कोरडा दाणा करपतो. (साखरेच्या पेशंटना कधी कधी चटका कळत नाही, त्यांच्यासाठी आधी आपल्या मनगटावर लावून पाहावी.)

खरा वेळ गेला तो शाळू निवडण्यात. आमच्याकडे कीस, तुटकी कडी, निसटलेलं घुंगरू कुठंही सापडतं. घरचा केरसुद्धा साठवून ठेवतात, त्यातूनही चांदी निघते. लोहचुंबक फिरवून उपयोग नाही, चांदी त्याला दाद देत नाही. मग परातीत मूठमूठ शाळू पसरला. आत्ती पलीकडे बसून मान वर न करता म्हणाली, "त्या डाव्या अंगाला बघ, चमकलं कायतरी." मला दाण्यांशिवाय काही दिसेना. तिनं चिमटा पुढं केला आणि मोहरीएवढी कडी उचलून आपल्या वाटीत टाकली.

मूठभर ओवा मिसळला, पिशवी पाऊण भरली आणि मधे उभ्या टिपा घालून कप्पे पाडले, म्हणजे सगळा शाळू एका कोपऱ्यात जमत नाही. तोंडाशी उलटी टीप, बारीक.

चांदी वितळायला ९६२ अंश लागतात. मानेला त्यातले चाळीस-पंचेचाळीस पुरे. दीड मिनिटात पिशवी तापली, ओव्याचा वास सोप्याभर झाला. मी गादी घातली होती, आत्तीनं घटकाभर पडावं म्हणून. तिनं पिशवी मानेवर घेतली, "ब्येस हाय की," म्हणाली, आणि तशीच पाटावर जाऊन बसली. मान वाकली की पिशवी घसरे. ती एका हातानं सावरी, दुसऱ्या हातानं कडी धरी.

"आत्ती, जरा पड की गं."

"पडून काय करू? माल उद्या द्यायचाय. त्यापरास ह्याला दोन बंद लाव, म्हंजे बांधून बसाय येतंय."

जरा रागानंच बंद शिवले, लुगड्याच्या उरलेल्या पट्टीचे. तेवढ्यात शेजारच्या काकी डोकावल्या. त्यांना एक हवी होती, कंबरेला, आणि बंद लांब.