अंगठा लागला नाही, पण का?

मंडळी, विहिरीवरचा पंप चालू झाला नाही तर आपण कपाळाला हात लावून घरी येत नाही. वीज आहे का पाहतो, फ्यूज तपासतो, फूटव्हॉल्व्ह गळतो का बघतो. रेशनच्या यंत्राने "नाही" म्हटले, की मात्र आपला माणूस पिशवीची घडी घालून मुकाट परत फिरतो.

आवणी संपल्यावर माझी काकी अशीच तीनदा रिकाम्या हाताने आली. दुकानदाराचे उत्तर एकच, "आजी, तुमचा अंगठा लागत नाही." चौथ्या खेपेला मी बरोबर गेलो. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिच्याजवळ आकडा, ३००.

हा आकडाच कामाचा. यंत्र आपला ठसा आधारच्या साठ्याकडे पाठवते आणि नकार आला तर त्याचे कारण आकड्यात येते. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. चिखलात आवणी करून, विळा धरून बोटांच्या रेषा झिजतात, त्यात नवल काय? हात साबणाने धुवावा, कोरडा पुसावा आणि दुसरे बोट ठेवून पाहावे. आधार काढताना दहाही बोटे घेतलेली असतात, अंगठ्याचाच हट्ट कशाला! काकीची उजवी अनामिका लागली आणि तांदूळ पिशवीत पडला.

३३० आला, तर ठशांना कुलूप घातलेले आहे. घरातल्या पोराने मोबाइलवर खेळताना घातले असेल तरी तेच. बोट कितीही घासा, उपयोग नाही; आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून, नाहीतर आधार केंद्रात जाऊन ते उघडावे लागते. ८११ म्हणजे साठ्यात ठसेच नाहीत. ते केंद्रातच नव्याने द्यावे लागतात. आणि आकडा न येता यंत्र नुसते थांबून राहिले, तर दोष बहुधा रेंजचा. डोळखांब-टोकावड्याकडच्या डोंगरपट्ट्यात हे वेगळे सांगायला नको.

म्हणून "होत नाही" ऐकले की विचारा, "आकडा काय आला?" तो तारखेसह कागदावर लिहून घ्या. नाहीतर टोकावड्याहून एसटीने मुरबाड गाठायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि तिथे "काय झाले?" या प्रश्नाला उत्तर नाही!

पीएम किसानचेही असेच. २०१९ पासून वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतात, पण ई-केवायसी अडली की हप्ता अडतो. तिथे अंगठा लागला नाही तर ओटीपीने किंवा चेहरा दाखवूनही काम होते.

इतके करूनही रेशन नाकारले, तर ध्यानात ठेवा: ठसा जुळला नाही किंवा रेंज नाही एवढ्यावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, कार्ड पाहून वहीत नोंद करून द्यावे, अशा सूचना केंद्राच्या अन्न खात्याने २०१७ मध्येच दिल्या आहेत. शहापूर असो वा मुरबाड, तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत तक्रार द्या. जाताना तो आकडा लिहिलेला कागद तेवढा बरोबर न्या.